चालणं सोडू नका, रस्ता सोडा

वाचकाचं पत्र:

डॉक्टर, माझ्या मिस्टरांचं वय ५८. आठ महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवला. सिगारेट-तंबाखू कधीच नाही, शुगर नाही. बीपी थोडं होतं, त्याची गोळी आधीपासून चालू होती. रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलंय. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, ऐन मुख्य रस्त्यावर, समोरच सिग्नल. संध्याकाळी ऑफिसातून आले की ते याच रस्त्याच्या फुटपाथवरून चालून येतात. हल्ली परतल्यावर घसा खवखवतो, डोकं जड होतं म्हणतात. मुलगा म्हणतो, बाबांना या धुरानेच अटॅक आला, हे घर विकून टाका. दीर म्हणतात, धूर बाधतो तो फुप्फुसांना, हृदयाशी त्याचा काय संबंध? हे घर घ्यायचा हट्ट माझा होता, बसस्टॉप दाराशी म्हणून. त्या विचाराने मला रात्र रात्र झोप येत नाही. धुराने खरंच हृदय बिघडतं का? त्यांनी चालणं बंद करावं का? आणि आम्ही हे घर सोडावं का?

उत्तर:

ताई,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याची घाई आहे. चालणं बंद करायचं नाही. अटॅकनंतर हृदयाला सावरायला गोळ्यांइतकीच चालण्याची मदत होते आणि ते सोडलं तर नुकसान नक्की आहे. पण त्या सिग्नलच्या रस्त्यावरून, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी चालणं मात्र आजपासून थांबवा. कुठे आणि कधी चालायचं ते पुढे सविस्तर लिहितो.

आता दिरांच्या म्हणण्याकडे वळतो. त्यांच्यासारखं पुष्कळांना वाटतं, आणि तसं वाटणं स्वाभाविकही आहे. धुरात गेलं की खोकला येतो, नाक चोंदतं, म्हणून हा श्वासाचा आजार अशी समजूत होते. हृदयावर होणारा परिणाम असा लगेच जाणवत नाही. पण हवेच्या प्रदूषणाने जगभर जे अकाली मृत्यू होतात, त्यांत हृदयविकार आणि पक्षाघात यांचा वाटा फार मोठा आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००४ साली या विषयावर पहिलं निवेदन काढलं आणि २०१० साली पुराव्यांचा नव्याने आढावा घेऊन स्पष्ट लिहिलं की हवेतले सूक्ष्म कण हे हृदयविकाराचं एक कारण आहे, निव्वळ योगायोग नव्हे.

हे घडतं कसं, ते समजून घ्या, म्हणजे पुढचे उपाय आपोआप पटतील. वाहनांच्या धुरात वायू असतात आणि अतिशय बारीक कण असतात. बातम्यांत ‘पीएम २.५’ म्हणतात ते अडीच मायक्रॉनचे किंवा त्याहून लहान कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज येईल. गाडीच्या नळकांड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या धुरात तर ०.१ मायक्रॉनपेक्षाही लहान कणांचीच संख्या सर्वाधिक असते. नाकातले केस, घशातला कफ यांना हे कण अडवता येत नाहीत. ते थेट फुप्फुसांच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोचतात.

तिथून हृदयापर्यंत जायच्या तीन वाटा आहेत. पहिली सुजेची. वायुकोशांतल्या रक्षक पेशी या कणांवर तुटून पडतात, तिथे दाह सुरू होतो आणि तो फुप्फुसांपुरता राहत नाही. दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात उतरतात, यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त तयार करू लागतं, प्लेटलेट्स चिकट होतात. दुसरी वाट मज्जातंतूंची. श्वासनलिकेतल्या मज्जातंतूंना धूर झोंबला की शरीर संकटात असल्यासारखं वागू लागतं. रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, हृदयाच्या ठोक्यांचं नियमन बिघडतं. याला काही मिनिटं ते काही तास पुरतात. तिसरी वाट सरळ रक्तात शिरण्याची. एडिंबराच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. धुरातल्या कणांएवढे बारीक, पण निरुपद्रवी असे सोन्याचे कण त्यांनी स्वयंसेवकांना श्वासातून दिले. काहींच्या रक्तात ते १५ मिनिटांत सापडले. लघवीत तर तीन महिन्यांनंतरही सापडले. मानेच्या रक्तवाहिनीतला चरबीचा थर काढण्यासाठी ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होणार होती, त्यांनाही हे कण दिले होते आणि त्यांच्या काढलेल्या थरातसुद्धा सोनं मिळालं. म्हणजे रक्तवाहिनी जिथे आधीच दुखावलेली आहे, तिथे हे कण जाऊन बसतात. मला या सगळ्या विषयात हाच प्रयोग सर्वांत बोलका वाटतो.

या तिन्ही वाटा अखेर रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तरापाशी येऊन मिळतात. हे अस्तर निरोगी असलं की नायट्रिक ऑक्साइड नावाचं द्रव्य सोडून रक्तवाहिनीला गरजेप्रमाणे सैल करतं. धुराने ही क्षमता कमी होते. वर्षानुवर्षं हे चाललं की रक्तवाहिन्या ताठर होतात, त्यांत थर आणि कॅल्शियम साचतं. अमेरिकेतल्या सहा शहरांत सहा हजारांहून अधिक लोकांचा दहा वर्षं पाठपुरावा करून २०१६ साली हे दाखवण्यात आलं की जिथे सूक्ष्म कण आणि नायट्रोजनचे ऑक्साइड जास्त, तिथल्या लोकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम अधिक वेगाने साचत होतं.

तुमच्या मिस्टरांशी सगळ्यांत जवळचा अभ्यास २००७ सालचा आहे. पूर्वी अटॅक येऊन गेलेल्या, पण आता प्रकृती स्थिर असलेल्या २० पुरुषांना एका खोलीत व्यायामाची सायकल चालवायला दिली. एकदा गाळलेल्या स्वच्छ हवेत आणि एकदा पातळ केलेल्या डिझेलच्या धुरात, दोन्ही वेळा तासभर. माणसं तीच, व्यायाम तोच. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असल्याचे ईसीजीतले बदल धुराच्या वेळी ठळकपणे वाढले. रक्ताची गुठळी विरघळवणारं जे द्रव्य शरीर स्वतः सोडतं, तेही काही तासांनी तपासलं तेव्हा कमी भरलं. म्हणूनच सिग्नलपाशी झपझप चालण्याची मला काळजी वाटते. चालताना आपण बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत घेतो, अनेकदा तोंडानेही आणि खोलवर. जिथे धूर सर्वांत दाट, तिथेच श्वास सर्वांत मोठा, असं त्यांचं रोज संध्याकाळी होतंय.

मुलगा म्हणतो तसं त्यांना धुरानेच अटॅक आला का? एका माणसाच्या बाबतीत असं बोट ठेवून कोणीही सांगू शकणार नाही, आणि कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वय, बीपी, कोलेस्टेरॉल, घराण्यातला आजार, ताण, झोप हे सगळं मिळून रक्तवाहिनी खराब होते. धूर त्यात भर घालतो. जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये अटॅकमधून वाचलेल्या ६९१ रुग्णांना अटॅकच्या आधीचे तास-दिवस कसे गेले हे विचारलं होतं. रहदारीत असल्यानंतरच्या तासाभरात अटॅकचा धोका जवळपास तिप्पट दिसला. गाडीत, बसमध्ये, दुचाकीवर, सायकलवर, सगळीकडे. पण त्यात धूर किती, गोंगाट किती आणि वैताग किती, हे त्या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. २०११ साली अशा ३६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा कळलं की एकेका माणसाच्या दृष्टीने रहदारीचा धोका लहान असला, तरी रस्त्यावर सगळेच असल्यामुळे समाजातल्या अटॅकना निमित्त ठरणाऱ्या गोष्टींत रहदारीच वरच्या क्रमांकावर येते.

आणि ताई, तुमचा हट्ट. दाराशी बस असावी, घरच्यांची दगदग वाचावी म्हणून तुम्ही ते घर घेतलंत. घर घेताना पाणी, प्रकाश, शाळा, दवाखाना सगळं बघतात, पण रस्त्यापासूनचं अंतर हा हृदयाशी संबंधित मुद्दा आहे हे कोणी सांगतच नाही. आम्ही डॉक्टरसुद्धा रुग्णाला सिगारेटबद्दल विचारतो, मिठाबद्दल विचारतो, ‘खिडकी कुठल्या रस्त्यावर उघडते’ हे क्वचितच विचारतो. हा दोष तुमच्या एकटीच्या माथी मारून घेऊ नका. तुमच्या जागरणाने त्यांचं हृदय बरं होणार नाही, तुमचं बीपी मात्र वाढेल.

आता चालण्याचं. लंडनमध्ये साठीच्या पुढच्या ११९ जणांना दोन-दोन तास चालवलं, एकदा डिझेल बसेस-टॅक्सींनी भरलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि एकदा जवळच्याच हाइड पार्कमध्ये. त्यांत काही निरोगी होते, काहींना फुप्फुसांचा आजार होता, काहींना हृदयविकार. बागेत चालल्यावर फुप्फुसं अधिक मोकळी झाली, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला आणि हा फायदा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला. रस्त्यावर चालल्यावर तो बराचसा गळून गेला. बाग आणि रस्ता यांत अंतर फार नाही, पायी जाता येतं. २०१८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आणखी एक दिलाशाची गोष्ट निघाली. हृदयविकाराच्या ज्या रुग्णांची औषधं चालू होती, त्यांना धुराचा त्रास तुलनेने कमी झाला. तेव्हा स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या यांतलं काहीही ‘आता बरं वाटतंय’ म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू देऊ नका. स्टेंटनंतरच्या पहिल्या वर्षात तर अजिबातच नाही.

मग चालायचं कुठे? मुख्य रस्ता सोडून आत शिरा. धुरातले सर्वांत बारीक कण रस्त्याच्या कडेपासून पहिल्या शे-दीडशे मीटरमध्येच झपाट्याने विरळ होतात. आतली गल्ली, शाळेचं मैदान, बाग, इमारतीची मागची बाजू, काहीही चालेल. रस्ता आणि तुम्ही यांच्या मध्ये एखादी इमारतींची रांग असली तरी फरक पडतो. दोन्ही बाजूंनी उंच इमारती असलेला अरुंद वाहता रस्ता सर्वांत वाईट, कारण तिथे धूर कोंडून राहतो. सिग्नल, चढ आणि बसथांबा या तीन जागा टाळा. गाड्या थांबून पुन्हा जोर लावतात तिथेच धूर जास्त सोडतात. आत जायला मुख्य रस्ता ओलांडावाच लागत असेल, तर तेवढी पाच मिनिटं सावकाश चालायचं आणि वेग आत गेल्यावर वाढवायचा.

वेळेबद्दल एक समज मोडायला हवी. ‘पहाटेची हवा शुद्ध’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गाड्या नसतात तेव्हा ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण थंडीच्या दिवसांत जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही आणि रात्रभराचा धूर खालीच साचून राहतो. त्यात सकाळची रहदारी सुरू झाली की ती वेळ दिवसातली सर्वांत खराब ठरू शकते. ऊन वर आल्यावर हवा ढवळली जाते आणि धूर पांगतो. तेव्हा घड्याळाकडे कमी आणि हवेच्या तासातासाच्या आकड्यांकडे जास्त बघा. जवळच्या मापन केंद्राचा हवेचा निर्देशांक (एक्यूआय) मोबाइलवर दिसतो. ते केंद्र रस्त्यापासून लांब असेल तर तुमच्या फुटपाथवर आकडा याहून जास्त असणार हे गृहीत धरा. ज्या दिवशी निर्देशांक ‘खराब’ किंवा त्यापुढे असेल, त्या दिवशी घरात, जिन्याच्या पॅसेजमध्ये किंवा ट्रेडमिलवर चालायचं. एक दिवस आत चालल्याने काही बिघडत नाही. मात्र ‘हवा वाईट आहे’ हे चालणं टाळायचं कायमचं कारण होऊ देऊ नका. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी मांडलेला हिशोब असा होता की जगातल्या बहुतेक शहरांत चालण्याचा फायदा प्रदूषणाच्या तोट्याहून मोठाच राहतो. हा हिशोब सर्वसाधारण माणसांचा आहे. अँजिओप्लास्टी झालेल्याने थोडं जास्त जपावं, म्हणून तर एवढं लिहिलं.

मास्कचं थोडक्यात सांगतो. कापडी रुमाल आणि साधा सर्जिकल मास्क या कणांपुढे फारसे टिकत नाहीत. एन-९५ प्रकारचा, नाकावर आणि गालांवर घट्ट बसणारा मास्क उपयोगी आहे. बीजिंगमध्ये हृदयाच्या ९८ रुग्णांवर असा प्रयोग झाला. चांगला मास्क लावून शहरात चालताना त्यांचं बीपी थोडं कमी राहिलं आणि ईसीजीतले ते रक्त कमी पडल्याचे बदलही घटले. वायू त्यातून जातातच, आणि मास्क लावून भरभर चालताना दम लागत असेल तर वेग कमी करावा. ऑफिसला जाता-येताना वापरायला तो चांगला. ते कारने जात असतील तर कोंडीत काचा बंद आणि एसी आतली हवा फिरवणाऱ्या मोडवर ठेवावा, पुढच्या गाडीच्या नळकांड्यापासून अंतर राखावं, आणि मोकळा रस्ता लागला की काच थोडा वेळ उघडावी. सतत बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि सुस्ती येते.

घर. अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २०१० साली सगळे अभ्यास तपासून सांगितलं की मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात वाहनांच्या धुराचा प्रभाव सर्वाधिक असतो. तिथल्या परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासात मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्या स्त्रियांमध्ये अचानक हृदय बंद पडून मृत्यू येण्याचा धोका ५०० मीटरपलीकडे राहणाऱ्यांपेक्षा ३८ टक्के जास्त आढळला. हा आकडा वाचून घाबरू नका. मुळात धोका लहान असेल तर त्यात ३८ टक्के वाढ होऊनही तो लहानच राहतो. पण तुमच्या घरी तो मुळातच लहान नाही, म्हणून मी त्याकडे दुर्लक्षही करणार नाही.

माझं मत विचाराल तर आत्ता घाईने घर विकू नका. घर शोधणं, कर्ज, सामानाची हलवाहलव याचा ताण अटॅकनंतरच्या पहिल्या वर्षात त्यांना नको. पुढे कधी घर बदलायची वेळ आली, तर रस्त्यापासून आत, मागच्या बाजूला, वरच्या मजल्यावर अशी जागा बघा. बसपासून दहा मिनिटं चालावं लागलं तर तेही बरंच. तोवर आहे त्या घरात पुष्कळ करता येतं. त्यांची झोपायची खोली रस्त्याच्या बाजूला असेल तर ती आधी मागे हलवा. हा उपाय फुकट आहे आणि त्याने धुराबरोबर गोंगाटही कमी होतो. रात्रीच्या हॉर्नने झोप मोडली नाही तरी शरीर त्याची नोंद घेतं, ताणाची संप्रेरकं वाढतात, बीपी वर राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ साली रस्त्याचा रात्रीचा आवाज घराबाहेर ४५ डेसिबलच्या आत असावा अशी शिफारस केली होती. सिग्नलसमोरचं घर त्यात बसणं अवघडच.

रस्त्याकडच्या खिडक्या गर्दीच्या वेळी बंद, मागच्या उघड्या, आणि रहदारी ओसरली की सगळं घर हवेशीर, असा नेम ठेवा. रस्त्याची धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. घरातला स्वतःचा धूर विसरू नका. डासांची कॉइल बंद करा, तळण-फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट लावा. मुलाला एअर प्युरिफायर घ्यायचा असेल तर जरूर घेऊ द्या, पण हेपा म्हणजे अतिशय बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा, खोलीच्या आकाराला पुरेसा, आणि ओझोन किंवा आयन सोडणारा नको. तो झोपायच्या खोलीत खिडक्या लावून चालवावा. त्याने खोलीतले कण चांगले कमी होतात, काही प्रयोगांत बीपीही किंचित उतरलेलं दिसलं. अटॅक टळतात असं कोणी सिद्ध केलेलं नाही, तेव्हा जाहिरातीत तसं म्हटलेलं असेल तर पुढचं दुकान गाठा.

एक गोष्ट घराबाहेरचीही आहे, आणि ती तुम्ही शेजाऱ्यांना घेऊन करू शकता. इमारतीच्या फाटकाशी गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात का ते बघा आणि ते थांबवा. शाळेच्या बसने, टॅक्सीने, पाहुण्यांच्या गाडीने, सगळ्यांनीच. रहदारी कमी झाली की शरीर किती लवकर सावरतं याचा पुरावा २००८च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी मिळाला. तेव्हा गाड्या आणि कारखान्यांवर निर्बंध होते. १२५ तरुण, निरोगी लोकांच्या रक्तातली गोठण्याशी संबंधित काही लक्षणं त्या काळात सुधारली आणि निर्बंध उठल्यावर पुन्हा बिघडू लागली. म्हणजे फरक पडायला वर्षं लागत नाहीत.

आता त्यांच्या घशाचं आणि जड डोक्याचं. ही लक्षणं बहुधा धुराचीच आहेत. जागा आणि वेळ बदलून दोन आठवडे बघा. घरी बीपीचं यंत्र असेल तर या दोन आठवड्यांत सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून ठेवा आणि ती वही पुढच्या तपासणीला न्या. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना घर कुठे आहे आणि ते कुठे चालतात हे आपणहून सांगा, कोणी विचारायची वाट बघू नका. तुमचंही बीपी त्याच वेळी मोजून घ्या, ती हवा तुम्हीही श्वासात घेताय.

चालताना मात्र छाती आवळल्यासारखी झाली, डावा हात, जबडा किंवा पाठ दुखू लागली, एरवी लागत नाही तेवढ्या अंतरात दम लागला किंवा दरदरून घाम आला, तर तो धुराचा त्रास समजून घरी येऊन पडायचं नाही. तिथेच बसायचं आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची. स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलला निघायचं नाही. हे त्यांना आज संध्याकाळी बाहेर पडायच्या आधीच सांगा, आणि जवळच्या हृदयरोग हॉस्पिटलचा नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये घालून ठेवा.